सगळं सहन करायचं, पण कोणाच्या जिवावर?

दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सॲपवर चित्रांची एक पट्टी फिरत येते. कार्ल पॉपर नावाचे तत्त्वज्ञ, चार-पाच चौकटी, आणि शेवटी निष्कर्ष असा की असहिष्णू लोकांना सहन करायचं नाही, विषय संपला. खाली लगेच भांडण सुरू. एक म्हणतो बरोबर आहे, अमक्यांना बंदच केलं पाहिजे, दुसरा म्हणतो अरे मग तुम्हीच असहिष्णू झालात की, तिसरा म्हणतो आपली संस्कृती मुळातच सहिष्णू आहे, आम्हाला कोणी शिकवू नये. आणि मूळ प्रश्न तसाच पडून राहतो: शंभर टक्के सहिष्णू समाज खरंच असू शकतो का?

माझं उत्तर आधीच सांगते. नाही असू शकत. पण त्याचं कारण त्या पट्टीत दिसतं त्यापेक्षा साधं आहे आणि आपल्या फार जवळचं आहे. आपण मोठ्या मनाने काहीतरी सहन करतो तेव्हा त्याची किंमत पुष्कळदा आपण भरतच नाही, ती तिसराच कोणीतरी भरत असतो. तो तिसरा माणूस डोळ्यासमोर ठेवला की हा सगळा गुंता बराच सुटतो.

## सहिष्णुता कशाला म्हणायचं

जे आवडतं ते चालवून घेण्यात काही विशेष नाही. शेजारच्या घरातून सुक्या बोंबलाचा वास येतोय, तुम्हाला तो अजिबात सहन होत नाही, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात, मनात आणलं तर त्रास देऊ शकता, आणि तरी तुम्ही देत नाही, त्यांचं घर आहे त्यांनी ठरवावं असं म्हणता, ही झाली सहिष्णुता. म्हणजे गोष्ट खटकली पाहिजे, अडवायची ताकद पाहिजे, आणि तरी हात आवरता घेतला पाहिजे.

यातली ताकदीची अट महत्त्वाची आहे. ताकदच नसताना गप्प बसणं म्हणजे नाइलाज. "आमच्या गावात पूर्वी सगळे कसे गुण्यागोविंदाने राहायचे, कधी वाद नाही" असं कोणी म्हणालं की मी नेहमी विचारते की तेव्हा गप्प कोण बसायचं. बऱ्याचदा एकाच बाजूचे लोक गप्प बसलेले असतात आणि त्याला दुसरी बाजू सहिष्णुता म्हणत असते.

## कोडं नेमकं काय आहे

एका बिल्डिंगच्या सोसायटीची मीटिंग चालू आहे असं समजा. नियम एकच, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं. कोणी म्हणतं गणपतीत स्पीकर नको, कोणी म्हणतं पाहिजेच, कोणी चेअरमनला चोर म्हणतं, सगळं ऐकून घेतलं जातं. मग एकजण उठतो आणि ठराव मांडतो की २०३ वाल्यांना यापुढे मीटिंगला येऊ द्यायचं नाही आणि उद्यापासून त्यांचं पाणी बंद. आता हेही मतच आहे, सहन करायचं, असं म्हणून ठराव पास होऊ दिला तर २०३ वाले संपले आणि पुढच्या मीटिंगला "सगळ्यांना बोलू द्यायचं" हा नियमही संपला. ठराव मांडूच दिला नाही तर तो माणूस म्हणणार, बघा, बोलू देत नाहीत.

पण जरा थांबून बघा. त्याला "२०३ वाले मला आवडत नाहीत, त्यांनी इथे राहू नये" असं म्हणू देता येतं. २०३ वाल्यांना वाईट वाटेल, पण ते उठून उत्तर देऊ शकतात. पाण्याचा व्हॉल्व बंद झाला आणि दारातून आत येऊ दिलं नाही तर उत्तर कुठून देणार? रेघ साधारण तिथे आहे. समोरच्याकडे बोलायची, राहायची, निघून जायची सोय शिल्लक राहते की नाही, एवढं बघायचं.

## पॉपर काय म्हणाले होते

पॉपर १९०२ मध्ये व्हिएन्नात जन्मले. घराणं मूळचं ज्यू. नाझींची सावली पडायला लागल्यावर १९३७ मध्ये ते न्यूझीलंडला गेले आणि युद्ध चालू असताना तिथे बसून त्यांनी जे पुस्तक लिहिलं ते १९४५ मध्ये आलं. फिरणाऱ्या पट्टीतला विचार त्या पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टिपांपैकी एका टिपेत आहे, आणि पट्टीत त्याचा अर्धाच भाग येतो. उरलेला अर्धा असा की असहिष्णू विचार नुसते मांडले जातायत तोवर त्यांना दाबणं शहाणपणाचं नाही, त्यांना वादात उत्तर द्यावं, लोकमताने आवर घालावा. दाबायचा हक्क राखून ठेवायचा तो अशांसाठी, जे वादालाच तयार नाहीत, जे आपल्या अनुयायांना दुसऱ्याचं ऐकूच नका म्हणून सांगतात आणि मुद्द्याला ठोशाने किंवा पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवतात.

पिस्तूल म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं उदाहरण द्यायला नको. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते आयुष्यभर मुद्दे मांडत होते, विरोधकांना जाहीर वादाला बोलावत होते. त्यांचं म्हणणं न पटणारे लाखो लोक होते आणि त्या लाखोंना न पटण्याचा पूर्ण हक्क होता, आजही आहे. गोळी झाडणारे त्या लाखोंपेक्षा वेगळे. हा फरक धरून ठेवला नाही तर आपण एकतर सगळ्यांना गुन्हेगार ठरवतो नाहीतर गुन्हेगारालाही "त्याचं मत" म्हणून सोडून देतो.

जर्मनीचं उदाहरण नेहमी देतात की तिथल्या लोकशाहीने नाझींना फार बोलू दिलं म्हणून ती मेली. ते अर्धवट आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये बंड केलं, त्यात चार पोलीस मेले. देशद्रोहाचा खटला चालला, शिक्षा झाली ५ वर्षांची, आणि डिसेंबर १९२४ मध्ये माणूस बाहेर! न्यायालयालाच त्याच्याबद्दल सहानुभूती होती. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला फक्त २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ती ३७.३ टक्के झाली. मधल्या काळात मंदी आली, बेकारी आली, रस्त्यावरची मारामारी रोजची झाली. भाषणं ऐकून घेतली ही चूक असेल-नसेल, पण उघड हिंसेला हलकी शिक्षा देऊन सोडलं ही चूक तर निश्चितच.

## आपल्याकडे याचं नाव वाळीत टाकणं

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. वरच्या चर्चेत चित्र असं असतं की एकीकडे समाज आणि दुसरीकडे असहिष्णू गट. प्रत्यक्षात गटाच्या आतही माणसं असतात. सरकार म्हणतं आम्ही सर्व जाती-पंथांचा आदर करतो, त्यांच्या आतल्या कारभारात पडत नाही. ऐकायला किती सहिष्णू वाटतं. पण आत जातपंचायत बसलेली असते, आणि तिने एखाद्या घराला वाळीत टाकलं की बाहेरच्यांच्या त्या आदराचं बिल त्या घराच्या नावाने फाटतं.

वाळीत टाकतात म्हणजे काय करतात? कोणी मारत नाही. दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला माणूस येत नाही. मुलांशी खेळायला कोणी नसतं. आणि जो बोलेल त्याला दंड, त्यामुळे ज्याला मनातून वाईट वाटतंय तोही मान खाली घालून पुढे जातो. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, वर्षभर मुंबईत राबणारा माणूस त्या एका दिवसासाठी रजा टाकून येतो, अंगण सारवलेलं असतं, ताट तयार असतं, आणि गावकीने वाळीत टाकलेलं घर असेल तर पालखी तिथे न थांबता पुढे जाते. कारणं काय असतात, तर मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं, कोणी गावकीचा हिशोब मागितला, कोणी निवडणुकीला उभं राहिलं.

आणि हे फक्त गरीब, अडाणी लोकांत चालतं हा गैरसमज आहे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून मोठमोठ्या लोकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायची कारवाई झाली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, ते गावी आले आणि घरच्यांनी घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. आईने मुलाला घरात घ्यायचं की नाही हे गावाची बैठक ठरवणार! पुढे याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. गावातल्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असं मला वाटत नाही, पण बैठकीत एकदा ठरलं की एकट्याच्या मनाला काही किंमत उरत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाडचं. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर सगळं झालं. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि काही मंडळी कोर्टात गेली की ही आमची पूर्वापार वहिवाट आहे. मुंबई हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. पाण्यावर जाण्यासाठी दहा वर्षं कोर्टात!

त्या दहा वर्षांत "दोन्ही बाजूंनी जरा समजून घ्यावं" असं म्हणणारे भले लोक असतीलच. पण एक बाजू पाणी अडवत होती आणि दुसरी तहानलेली होती. अशा वेळी दोघांना सारखंच सहन करायचं म्हटलं की आपण आपोआप अडवणाऱ्याच्या बाजूने उभे राहतो. संपूर्ण सहिष्णु समाज शक्य नाही तो इथे, कारण अडवणाऱ्याला सहन केलं की तहानलेल्याला सहन केलं जात नाही, आणि उलटही. निवड करावीच लागते. म्हणून घटनेने कलम १७ मध्ये अस्पृश्यता सरळ रद्द केली.

## "मग सरकार कोणालाही असहिष्णू ठरवून गप्प करेल"

ही शंका अगदी रास्त आहे आणि मला स्वतःला तिची सगळ्यात जास्त भीती वाटते. "असहिष्णू" हा शिक्का सत्तेवर कोणीही असो, त्याला हवाच असतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद पडली, त्याबद्दल फेसबुकवर एकीने चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या म्हणून पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली होती. त्यातूनच पुढे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला गुन्हा ठरवणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. त्या निकालात एक फार उपयोगी पायरी सांगितली आहे: एखाद्या गोष्टीवर चर्चा करणं वेगळं, तिचा हिरिरीने पुरस्कार करणं वेगळं आणि लोकांना चिथावणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कितीही नावडत्या असल्या तरी चालू द्यायच्या, तिसरीवर कायदा हात घालू शकतो.

अमेरिकेत ही रेघ आणखी लांब आहे, तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये सांगितलं की ताबडतोब बेकायदा कृत्य घडवून आणायचा हेतू आणि तसं घडण्याची शक्यता असेल तरच भाषण गुन्हा ठरेल. जर्मनीने जखम भोगलेली असल्यामुळे घटनेतच पक्षावर बंदीची तरतूद ठेवली, १९५२ मध्ये नाझींच्या वारसदार पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर ती वापरलीही. पण २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एका अतिउजव्या पक्षावर बंदी घालायला नकार दिला. पक्षाची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत हे मान्य केलं, फक्त ती साध्य करण्याइतकी ताकद पक्षात दिसत नाही म्हणाले. मला हा निकाल पटतो. वाईट विचार असणं पुरेसं नाही, त्यातून खरंच कोणाला धोका आहे का ते पुराव्याने दाखवा.

## "आमच्या भावना दुखावल्या त्याचं काय?"

दुखावणं खरं असतं, मी ते हसण्यावारी नेत नाही. श्रद्धेवर टीका झाली की आतून लागतं. पण भावना दुखावलेला माणूस लेख लिहू शकतो, मोर्चा काढू शकतो, निषेध करू शकतो, दुसऱ्या दिवशी त्याला दूध मिळतं, दुकानातून सामान मिळतं. वाळीत टाकलेल्याला मिळत नाही. या दोन त्रासांना एका तराजूत टाकलं की ज्याचा जमाव मोठा त्याच्या भावना जास्त दुखावतात, असंच होत जातं. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंच होतं की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमक्या येतात म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, धमकीपुढे न झुकता संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे.

## "मी कोणाशी बोलायचं हे मी ठरवणार ना?"

ठरवा की. भावकीतल्या कोणाचं तोंड बघायचं नसेल तर नका बघू, कोणाच्या लग्नाला जायचं नसेल तर नका जाऊ, आणि एखाद्या कंपनीचा माल पटत नाही म्हणून घेणं बंद केलं तर तोही तुमचा हक्क. फरक पडतो तो दहा जण बसून ठरवतात तेव्हा की अमक्याशी कोणीच बोलायचं नाही आणि बोललं तर दंड. तिथे त्या अमक्याचंच नाही, बोलू इच्छिणाऱ्या शेजाऱ्याचंही स्वातंत्र्य गेलं.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा याच फरकावर उभा आहे. दाभोलकरांच्या शेवटच्या मोहिमांपैकी एक जातपंचायतींच्या विरोधात होती, त्यांच्यामागे कार्यकर्त्यांनी ती चालू ठेवली, एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींची मंजुरी मिळून जुलै २०१७ पासून तो लागू झाला. घटना लागू झाल्यानंतर असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

## "धर्माच्या आतल्या गोष्टीत सरकारने का पडावं?"

हा सगळ्यात अवघड आक्षेप आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, सैयदनांनी, त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने तो रद्द केला. म्हणणं असं की धार्मिक कारणावरून कोणाला समाजाबाहेर काढायचं हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे आणि घटनेचं कलम २६ त्याला संरक्षण देतं. वेगळं मत दिलं ते सरन्यायाधीश सिन्हांनी. त्यांच्या दृष्टीने बहिष्कृत माणसाची अवस्था आपल्याच समाजात अस्पृश्यासारखी होते, मग घटनेला ते कसं चालेल?

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पंथाला आपल्या श्रद्धा ठरवायचा हक्क हवाच, नाहीतर तो पंथ कसला. माझ्या मते बघायचं ते हे की बाहेर काढल्यावर माणसाचं काय काय जातं. नुसतं सदस्यत्व गेलं आणि तो दुसरीकडे जाऊन सुखाने जगू शकतो, तर ठीक. पण जन्मापासूनचे सगळे नातेवाईक, धंद्यातली ओळख, लग्नाची शक्यता, दफनाची जागा, सगळंच एका सहीने जात असेल तर "बाहेर जायचं स्वातंत्र्य आहे की" या म्हणण्याला अर्थ राहत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५ न्यायाधीशांच्या घटनापीठाला १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा असं वाटलं आणि त्यांनी हा विषय ९ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

## "कायद्याने मनं बदलतात का?"

नाही बदलत, आणि बदलावीत असा कायद्याचा आग्रहही नाही. शेजारी मनातून तुमचा राग करो, गिरणीवाल्याला दळण घेताना भीती वाटू नये एवढंच कायदा करू शकतो. तेही सहज होत नाही. बहिष्काराचा ठराव बहुतेक वेळा कागदावर नसतो, तोंडी असतो. साक्षीदार लागतात ते त्याच गावातले, ज्यांना उद्या त्याच गावात राहायचंय. मग पोलीस स्टेशनलाच कोणीतरी म्हणतं, कशाला वाढवता, आपसात मिटवा, आणि मिटवायचं म्हणजे पुन्हा त्याच बैठकीपुढे जाऊन माफी मागायची.

म्हणून या कायद्यातल्या काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. तक्रार पीडित माणूस किंवा त्याच्या घरचं कोणीही करू शकतं, पोलिसांकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे. बहिष्कार घालण्यासाठी बैठक बसणार असं कळलं तर जिल्हाधिकारी ती आधीच थांबवू शकतात, म्हणजे पालखी दारापुढून जाईपर्यंत वाट बघायची गरज नाही. नुसता ठराव मांडणाराच नाही, तर तसा बहिष्कार घालायला चिथावणी देणारा, मदत करणाराही गुन्ह्यात येतो. आणि कोर्टाने ठोठावलेल्या दंडाची रक्कम पीडित कुटुंबाला देता येते.